नाक दाबलं की तोंड उघडतं : ट्यूमरच्या पेशी औषधाला 'प्रतिसाद' देतात म्हणजे नक्की काय करतात?

सांजवेळ (धागाकर्ती)

गेले सात महिने एकाच प्रश्नाशी झटतेय. लॅबमध्ये सगळ्यांना विचारून झालं, म्हणून आता इथे. इथे जीवशास्त्रवाले आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर आहेत आणि कशातलंच नसून सगळ्यातलं सांगणारेही आहेत (प्रेमानेच म्हणतेय).

काम थोडक्यात असं. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर (बाहेरचे निरोप टिपणारी प्रथिनं) असतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो आत हातोहात जातो: रिसेप्टरकडून रास, रासकडून राफ, राफकडून मेक, मेककडून अर्क. ही सगळी प्रथिनंच, प्रत्येक जण पुढच्याला उठवतो. राफपासून पुढे हे उठवणं म्हणजे त्याच्यावर फॉस्फेट चिकटवणं. अर्क उठला की तो केंद्रकात जाऊन विभाजनाची जनुकं चालू करतो. पुष्कळ कॅन्सरमध्ये या साखळीतला कुणीतरी एक जण बिघडून कायमचा जागा राहिलेला असतो.

मी मेकला अडवणारं औषध देते आणि ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांसारखी दिसतात अशी चाचणी) फॉस्फो-अर्क, म्हणजे फॉस्फेट चिकटलेला जागा अर्क, बघते. दोन तासांनी बँड गायब, लेन कोरी करकरीत. चोवीस तासांनी पुसटशी सावली. अठ्ठेचाळीस तासांनी अशी लेन, की औषध दिलेली कुठली आणि न दिलेली कुठली हे लेबल वाचल्याशिवाय कळू नये. तिसऱ्या दिवशी पेशी मोजल्या तर भरपूर मेलेल्या, म्हणजे कागदावर 'उत्तम प्रतिसाद'. दहाव्या दिवशी त्याच प्लेटमध्ये छोट्या छोट्या वसाहती.

परवा सादरीकरणात एका ज्येष्ठांनी विचारलं, "म्हणजे औषध चालतं की नाही?" मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही आणि मी तिथे चक्क गप्प उभी राहिले. तेव्हापासून वाटतंय की भिंतीवर लावलेली ती बाणांची आकृतीच खोटं बोलते. तिच्यात घड्याळ नाही. 'चालतं का' याचं उत्तर किती वाजता विचारलं त्यावर ठरत असेल, तर आपण सगळे तिसऱ्याच दिवशी का विचारतो?

आणि दुसरं: हे विज्ञानाबाहेरच्या माणसाला कसं सांगाल? 'बटण बंद केलं' ही उपमा मला आता सहन होत नाही.

---

खवट

नावच अर्क. तो दुसरं काय करणार?

---

चक्रम

माझी रास कन्या. तुमच्या पेशींची?

---

सांजवेळ

@खवट, हा विनोद लॅबमधल्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा केलेला आहे. मीही.
@चक्रम, के-रास (रासचाच एक प्रकार), जी१२डी नावाचा बिघाड. पत्रिकेत कायमचा दोष.

---

गुणसूत्र

ताई, तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी झाडझूड करून घ्या. माझी यादी मळकी आहे पण अनुभवाची आहे.

पहिली शंका: औषध माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रवात) टिकतं का? ३७ अंशाला, सीरमच्या प्रथिनांत, पेशींच्या पचनसंस्थेसमोर दोन दिवस. कदाचित अठ्ठेचाळीसाव्या तासाला तिथे औषधच उरलेलं नसेल आणि तुम्ही 'प्रतिकार' म्हणून नुसत्या डीएमएसओचा (औषध विरघळवायच्या द्रवाचा) अभ्यास करत असाल. चोवीस तासांनी ताजं औषध घालून बघा.

दुसरी: मायकोप्लाझ्मा, पेशींच्या प्लेटमध्ये घुसणारा इवलासा जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि पेशींचं अख्खं वागणं बदलतो.

तिसरी: पेशी त्याच आहेत का, ज्या तुम्हाला वाटतात? हे हसण्यावारी नेऊ नका. एमडीए-एमबी-४३५ नावाची सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या पेशी) वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली, तिच्यावर ढिगाने पेपर निघाले. शेवटी ती एम१४ या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) लाइनशी जुळली. माझ्या आधीच्या लॅबमध्ये मी स्वतः एका 'दुर्मीळ, औषधाला दाद न देणाऱ्या' लाइनवर चौदा महिने घालवले. डीएनएचे ठसे तपासले तर ती हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जुनी लाइन, निघाली. १९५१ पासून जगभरच्या फ्लास्कमध्ये घुसखोरी करणारी तीच हेला. आमच्या सरांनी तो अहवाल दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत.

---

सांजवेळ

@गुणसूत्र, ठसे जुळलेत, मायकोप्लाझ्मा दर महिन्याला तपासतो, निगेटिव्ह. औषध पुन्हा घालून बघणं मात्र केलेलं नाही. लिहिताना लाज वाटतेय. उद्याच प्लेट लावते.

---

निवृत्त_अभियंता

मला जीवशास्त्र शून्य. पण सांजवेळ यांनी वर्णन केलेला आलेख मी चाळीस वर्षं बघितलेला आहे. धक्का दिला की आउटपुट पडतं आणि मग हळूहळू पूर्वपदावर येतं. याला आमच्याकडे ऋण फीडबॅक म्हणतात. एकच विचारतो: हा जो शेवटचा अर्क आहे, तो मागे वळून आधीच्या कुणाला दाबतो का?

---

सांजवेळ

काका, दाबतो! आणि एकाला नाही. अर्क थेट राफवर फॉस्फेट लावून त्याला मंदावतो. रासला उठवणाऱ्या सॉसलाही मंदावतो. शिवाय तो स्प्राउटी आणि डस्प नावाची प्रथिनं बनवायला लावतो. स्प्राउटी वरच्या रिसेप्टरचा आवाज कमी करतं, डस्प अर्कवरचंच फॉस्फेट काढतं. म्हणजे स्वतःच नेमलेले पहारेकरी.

---

निवृत्त_अभियंता

मग तुमची आकृती खोटी आहे असं नाही, अर्धी आहे. मागे जाणाऱ्या रेघा गाळल्यात.

थोडं विषयांतर करतो, कारण गोष्ट सुरेख आहे. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक हा टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरवर काम करणारा अभियंता फेरीबोटीतून कामावर चालला होता. तेव्हाच्या व्हॅक्यूम ट्यूब बेभरवशाच्या, त्यांची वर्धनक्षमता सतत बदलायची. बोटीत त्याला सुचलं की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला जोडला, तर आतली ट्यूब कमजोर झाली तरी बाहेर फरक पडणार नाही. आउटपुट घसरलं की उलटा दाबही घसरतो, म्हणून आत जाणारा सिग्नल आपोआप मोठा होतो आणि तूट भरून निघते. त्याने ते हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवलं.

आता तुमचं मेक म्हणजे लूपच्या *आतली* ट्यूब. तुम्ही ती औषधाने कमजोर केलीत. चांगला फीडबॅक ॲम्प्लिफायर अशा वेळी काय करेल? नेमकं तेच, जे तुमच्या ब्लॉटवर दिसतंय. पेशी औषधाला 'हरवत' वगैरे नाहीये. ती जशी बांधली आहे तशी वागतेय. आतला भाग बिघडला तरी आउटपुट टिकवणं यासाठीच ही रचना असते.

---

गुणसूत्र

काका, साष्टांग. तुम्ही स्वतःच्या डोक्याने जे लिहिलंत ते २०१० मध्ये एका गटाने शब्दशः मांडलंय: राफ-मेक-अर्क साखळी ऋण फीडबॅक ॲम्प्लिफायरसारखी वागते, आणि म्हणून लूपच्या आत मारा करणाऱ्या मेक इनहिबिटरला (मेक अडवणाऱ्या औषधाला) ती पचवते. पुढची गंमत ऐका. ज्या पेशींत बी-राफमध्ये (राफचा एक प्रकार) व्ही६००ई नावाचं म्युटेशन (जनुकातला बदल) असतं, तिथे राफ अर्कचा दाब जुमानतच नाही. म्हणजे लूप तुटलेला. आणि त्याच पेशी मेक इनहिबिटरला जास्त हळव्या असतात, कारण तूट भरून काढणारी यंत्रणा त्यांच्याकडे उरलेलीच नसते.

सांजवेळताईंच्या के-रासवाल्या पेशींत लूप शाबूत आहे. तिथे ही तूट भरून निघते.

---

खवट

म्हणजे निष्कर्ष असा, की सात महिने पीएचडीवाल्यांनी जे शोधलं ते पेन्शनर माणसाने दोन प्रतिसादांत सांगितलं. अनुदान काकांना वळवा.

---

निवृत्त_अभियंता

खवटराव, ॲम्प्लिफायर मी उघडून बघू शकत होतो. यांना एकेक तार अंधारात चाचपून शोधावी लागली. तुलना नको.

---

आकडेमोड

मूळ प्रश्नातला 'तिसऱ्याच दिवशी का' हा भाग कुणीच उचलला नाही, तो मी घेतो. कारण 'प्रतिसाद' या शब्दाचा सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

रिवाज असा: ७२ तास औषध द्या, शेवटी किती पेशी उरल्या त्याला न दिलेल्या पेशींनी भागा. ज्या मात्रेला निम्म्या उरतात ती आयसी५०. आता दोन सेल लाइन घ्या. पहिली दर २४ तासांनी दुप्पट होते, दुसरी दर ७२ तासांनी. समजा औषध दोघींनाही *अगदी सारखंच* वागवतं: एकही पेशी मारत नाही, फक्त विभाजन पूर्ण थांबवतं. ७२ तासांत न दिलेली पहिली लाइन आठपट झाली, दुसरी दुप्पट. औषध दिलेल्या दोन्ही होत्या तेवढ्याच. गुणोत्तर काढा: पहिलीत १२.५%, दुसरीत ५०%. तुम्ही लिहिणार 'पहिली संवेदनशील, दुसरी प्रतिकारक'. फरक औषधाच्या परिणामात नव्हताच, पेशींच्या वाढीच्या वेगात होता.

यावर २०१६ मध्ये वाढीच्या दराने दुरुस्त केलेली मोजणी सुचवली गेली. त्यात थांबणं आणि मरणं वेगळं दिसतं: शून्याच्या वर म्हणजे हळू वाढ, शून्य म्हणजे ठप्प, शून्याखाली म्हणजे मरण. त्यासाठी फक्त औषध देण्याच्या क्षणी एक जास्तीची प्लेट मोजावी लागते. एक प्लेट! ती सुद्धा लोक मोजत नाहीत.

त्यात बहुतेक जण पेशी मोजतच नाहीत, किट वापरून एटीपी (पेशीचं इंधन) मोजतात. औषधाने पेशीचा चयापचय मंदावला तर पेशी जिवंत असूनही 'मेलेली' धरली जाते. सांजवेळ, तुमच्या 'भरपूर मेलेल्या' नक्की मेलेल्याच होत्या ना?

---

सांजवेळ

@आकडेमोड, ...एटीपी किट. शून्य वेळेची प्लेट नाही.

(आज हा धागा काढून पस्तावतेय की सुखावतेय, ठरवता येत नाही.)

---

थेट_मुद्दा

मी जरा विरुद्ध बाजू घेतो. तुम्ही सगळे मिळून 'बटण' या उपमेला उगाच फाशी देताय. बटण बंद करून आजार आटोक्यात आलेला आहे, आणि तो इतिहास आहे. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय. त्या जोडातून बीसीआर-एबीएल हे कायम चालू असलेलं प्रथिन बनतं. ते अडवणारं इमॅटिनिब २००१ मध्ये मान्य झालं आणि एकेकाळी काही वर्षांत जीव घेणारा आजार रोजच्या गोळीवर आला. एक बिघाड, एक बटण, एक औषध. मग फीडबॅकच्या नावाने एवढं रडगाणं कशाला? के-रासवाल्या बहुतेकांना अजून नीट बटण सापडलेलं नाही, एवढंच म्हणा.

---

गुणसूत्र

@थेट_मुद्दा, अर्धं मान्य. पण इमॅटिनिबचं यश हा नियम नाही, भाग्यवान अपवाद आहे. तो आजार सुरुवातीच्या अवस्थेत जवळजवळ एकाच बिघाडावर चालतो. पुढच्या अवस्थेत गेला की तेच औषध तितकं टिकत नाही. आणि सुरुवातीलाही टी३१५आय हे एकच म्युटेशन आलं की गोळीला बसायला जागा उरत नाही.

बटणाची उपमा कुठे मोडते ते बी-राफ व्ही६००ई मध्ये बघा. तेच म्युटेशन, तेच बी-राफ अडवणारं औषध व्हेम्युराफेनिब. मेलानोमात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी आक्रसतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये विसात जेमतेम एक. बटण एकच असेल तर हे का?

२०१२ मध्ये दोन गटांनी उत्तर काढलं. आतड्याच्या पेशींवर ईजीएफआर हा रिसेप्टर मुबलक असतो, मेलानोमाच्या पेशींवर सहसा नगण्य. औषधाने बी-राफ अडवला, अर्क झोपला, अर्कचे पहारेकरी गेले, आणि इतके दिवस दबलेला ईजीएफआर मोकळा सुटला. त्याने दुसऱ्या राफमार्फत अर्कला परत उठवलं. मेलानोमात सोडायला कुणी नव्हतंच. मग दोन्ही अडवून बघितलं, आणि २०२० मध्ये एनकोराफेनिब (बी-राफ अडवणारं) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआर अडवणारं) ही जोडी आतड्याच्या या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्य झाली. आपल्याकडे यासाठी फार जुनी म्हण आहे: नाक दाबलं की तोंड उघडतं.

---

सांजवेळ

शीर्षक आत्ता बदललं. गुणसूत्र, म्हणीबद्दल आभार.

---

थेट_मुद्दा

आतड्याचं उदाहरण चपखल आहे, मानलं. पण लक्षात घ्या, तिथेही उत्तर शेवटी 'दोन बटणं' हेच निघालं. :)

---

मधुमालती

मी इथे एरवी फक्त वाचते. विज्ञानाची नाही, त्यामुळे वरचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण 'परत आला' हे वाचून लिहावंसं वाटलं.

वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, ईजीएफआरचं म्युटेशन. गेफिटिनिबची गोळी सुरू केली तेव्हा तीन आठवड्यांत खोकला थांबला, ते जिना चढायला लागले. आम्हाला वाटलं झालं. तेरा महिन्यांनी स्कॅनमध्ये परत वाढ. डॉक्टर म्हणाले टी७९०एम आलंय, गोळी बदलली. आता दुसरी गोळीही दीड वर्ष होऊन गेलं आणि परवाच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसतंय म्हणतात.

मला एवढंच कळून घ्यायचंय. गोळी चुकवली म्हणून असं झालं का? मध्ये प्रवासात त्यांच्या दोन गोळ्या राहिल्या होत्या. ते ते स्वतःला लावून घेतायत. रोज बोलतात त्याबद्दल.

---

ऑन्को_ओपीडी

मधुमालती, सगळ्यात आधी बाबांना सांगा: नाही. दोन गोळ्या राहिल्याने टी७९०एम येत नाही. हे मी गुळगुळीत सांत्वन म्हणून लिहीत नाही, कारण सांगतो.

गेफिटिनिब ईजीएफआरच्या ज्या खाचेत बसते त्याच खाचेत पेशीचं इंधन, एटीपी, बसतं. दोघांची जागेसाठी स्पर्धा. टी७९०एममध्ये प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि एटीपीची पकड घट्ट होते, गोळी हरते. असा बदल झालेल्या मोजक्या पेशी कित्येकदा गोळी सुरू होण्याआधीच गाठीत असतात. गाठीत पेशी अब्जावधी. गोळीने बाकीच्या मारल्या, या मागे राहिल्या आणि हळूहळू वाढल्या. पहिल्या पिढीच्या गोळ्या थकतात तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत हेच म्युटेशन सापडतं. गोळ्या अगदी घड्याळ लावून घेणाऱ्यांतही.

दुसरी गोळी बहुधा ऑसिमर्टिनिब असावी. ती त्या खाचेजवळच्या एका सिस्टीनला (हेही एक अमिनो आम्ल) कायमचीच चिकटते, म्हणून स्पर्धेत हरत नाही. तीही थकते तेव्हा कारणं वेगवेगळी असतात: कधी तो सिस्टीनच बदलतो, कधी मेट नावाचा शेजारचा रिसेप्टर वाढून काम अंगावर घेतो, कधी पेशीचा प्रकारच बदलतो. या प्रत्येकाचा पुढचा रस्ता निराळा. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा की पुन्हा बायोप्सी किंवा रक्तातल्या डीएनएची तपासणी करता येईल का. इथे कुणी औषधाचं नाव सुचवलं तर त्यावर जाऊ नका, माझ्यासकट.

---

मधुमालती

वाचून दाखवलं. "आधीपासूनच होत्या?" असं दोनदा विचारलं त्यांनी. मग म्हणाले, बरं. रात्री जेवले नीट.

---

वाटसरू

जरा धाडसी विचारतो. औषधाच्या दाबाखालीच प्रतिकारक पेशी निवडल्या जात असतील, तर औषध मधूनमधून थांबवलं तर? दाब गेला की साध्या पेशी परत वाढून प्रतिकारक पेशींना मागे ढकलतील. उत्क्रांतीच्या हिशोबाने हे पटतं. उंदरांवर झालंही होतं ना?

---

गुणसूत्र

झालं होतं. २०१३, मेलानोमा, व्हेम्युराफेनिब. प्रतिकारक झालेल्या गाठी चक्क औषधावर अवलंबून राहिल्या होत्या. त्यांनी साखळी इतकी वाढवून ठेवली होती की औषध काढल्यावर अर्कचा अतिरेक होऊन त्याच आक्रसल्या. खंड पाडून औषध दिलेल्या उंदरांत प्रतिकार लांबला. विलक्षण सुंदर काम. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

---

ऑन्को_ओपीडी

आणि मग माणसांत करून बघितलं. @वाटसरू, हे नीट वाचा, कारण वाचणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक आहेत. बी-राफ म्युटेशन असलेल्या मेलानोमाच्या रुग्णांत डाब्राफेनिब (बी-राफ अडवणारं) आणि ट्रामेटिनिबची (मेक अडवणारं) जोडी. आधी आठ आठवडे सगळ्यांना सलग. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट: एकाला सलगच, दुसऱ्याला तीन आठवडे बंद आणि पाच आठवडे चालू. निकाल २०२० मध्ये आला. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ सलग गटात मध्यकाने (निम्म्यांना कमी, निम्म्यांना जास्त) ९ महिने, खंडवाल्या गटात ५.५ महिने. ज्यांनी औषध थांबवलं त्यांचंच वाईट झालं.

तर्क सुंदर, उंदीर सुंदर, माणूस वेगळा. मनाने गोळी थांबवणं हा प्रयोग कुणीही घरी करू नये.

अजून एक, आपल्या साखळीतलंच. बी-राफ इनहिबिटर म्युटेशन नसलेल्या पेशींत अर्कला दाबण्याऐवजी *वाढवतं*. औषध बसलेला एक राफ जोडीतल्या दुसऱ्याला उठवतो. २०१० मध्ये हे स्पष्ट झालं. म्हणून नुसतं ते औषध घेणाऱ्या काहींच्या त्वचेवर नव्या गाठी यायच्या. जोडीला मेक इनहिबिटर दिल्यावर त्या कमी झाल्या. दोन औषधं देऊन एक दुष्परिणाम *कमी* होतो, हे ओपीडीत समजावताना रुग्ण माझ्याकडे संशयाने बघतात.

---

वाटसरू

समजलं. विचार मागे घेतो. पण उंदीर एवढा स्पष्ट बोलत असताना माणसात उलटं का झालं?

---

ऑन्को_ओपीडी

एक शक्यता: उंदरातल्या गाठी *त्या* खास अवलंबित्वाच्या मार्गाने प्रतिकारक झाल्या होत्या. माणसाच्या एकाच शरीरातल्या गाठी एकाच वेळी चार मार्गांनी होतात. आणि तीन आठवड्यांची सुट्टी मिळाल्यावर सगळ्यात आधी वाढतात त्या अजून औषधाला हळव्या असलेल्या पेशी. त्यांना मारायला औषध नको होतं का?

---

चक्रम

उपमा स्पर्धा अजून खुली आहे ना? माझी प्रवेशिका: सरकारी कार्यालयातला टेबल. एका टेबलावरचा माणूस रजेवर पाठवला की फाइल दुसऱ्या टेबलावरून जाते.

---

खवट

उपमा बाद. फाइल जाते कुठे?

---

निवृत्त_अभियंता

रस्ता बंद केल्यावर वाहतूक गल्लीतून, ही नेहमीची उपमा मला अपुरी वाटते. गल्ली आधीपासून मोकळी असते. इथे तर मुख्य रस्त्यावरचा पोलीसच गल्लीचं फाटक बंद ठेवत होता. रस्ता बंद झाला, पोलीस घरी गेला, फाटक उघडलं.

---

सांजवेळ

काका, हे मी उचलतेय. सादरीकरणात 'एक निवृत्त अभियंता' म्हणून श्रेय देईन.

---

सांजवेळ (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतेय, निकाल आलेत.

@गुणसूत्र, दर चोवीस तासांनी ताजं औषध घातलं. फॉस्फो-अर्क तरीही परत आला, थोडा उशिरा आणि थोडा फिका. म्हणजे औषध विरत होतं हे काही अंशी खरं होतं, पण सगळी गोष्ट तेवढीच नव्हती.

फॉस्फो-मेकही बघितला. तो औषधानंतर कमी होण्याऐवजी कैकपटीने वाढलाय. वरून ढकलणारे ढकलतायत आणि मेक औषधाखाली अडकून बसलाय. डस्प६ सहा तासांत दिसेनासा. मग एका मेम्ब्रेनवर अनेक रिसेप्टर एकदम बघायचा ॲरे केला. अठ्ठेचाळीस तासांना एक ठिपका काळाकुट्ट, जो आधी जेमतेम दिसत होता. नाव पेपर होईपर्यंत सांगणार नाही, रागावू नका. त्या रिसेप्टरचं औषध सोबत दिलं तर अठ्ठेचाळीस तासांची लेन कोरी राहते.

@आकडेमोड, शून्य वेळेची प्लेट लावली आणि पेशी खरोखर मोजल्या. माझ्या 'भरपूर मेलेल्या' पेशींतल्या बहुतेक मेलेल्या नव्हत्या. थांबलेल्या होत्या. दोन्ही औषधं एकत्र दिल्यावर आकडा शून्याखाली जातो, पण फार खाली नाही. सात महिन्यांच्या आलेखांवर आता तारांकित टीप लिहितेय.

@थेट_मुद्दा, हो, दोन बटणं. पण दुसरं बटण पहिलं दाबेपर्यंत भिंतीवर दिसतच नव्हतं.

---

थेट_मुद्दा

हे वाक्य सादरीकरणात टाका. मी हरलो असं मात्र धरू नका.

---

आकडेमोड

मोजल्याबद्दल सलाम. किती वेळा केलंत?

---

सांजवेळ

तीन स्वतंत्र वेळा. एकाच दिवशी प्लेटमधल्या तीन विहिरींत (खळग्यांत) केलेलं नव्हे, हे तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते.

---

खवट

लोडिंग कंट्रोल?

---

सांजवेळ

सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखंच होतं: एकूण अर्क आणि व्हिन्क्युलिन, दोन्ही समान. खवटराव, तुम्ही नक्की काय करता हो?

---

खवट

शोधनिबंध तपासणारा परीक्षक क्रमांक दोन.

---

गुणसूत्र

:)) आता कळलं. आणि ताई, दहाव्या दिवशीच्या त्या वसाहती? जोडी देऊनही उरल्या का?

---

सांजवेळ

उरल्या. कमी, पण उरल्या. फुफ्फुसाच्या पेशींवर २०१० मध्ये झालेल्या कामात गेफिटिनिबच्या भरमसाट मात्रेतूनही हजारात साधारण तीन पेशी तगल्या होत्या, आणि औषध काढल्यावर काही पिढ्यांत पुन्हा हळव्या झाल्या होत्या. म्युटेशन नव्हतं, नुसतं दम धरून बसणं. माझ्या त्यातल्या आहेत की टी७९०एमसारख्या जन्मजात वेगळ्या, ते माहीत नाही. बारा वसाहती वेचून वेगवेगळ्या वाढवल्यात, तीन आठवडे औषधाविना ठेवल्यात. गुरुवारी पुन्हा औषध. मेल्या तर दम धरलेल्या. नाही मेल्या तर सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचायला) पाठवायच्या.

---

मधुमालती

बाबांची पुन्हा बायोप्सी झाली. मेट आलंय. डॉक्टरांनी आज पुढचं सांगितलं, सोमवारपासून सुरू. तुमच्या गुरुवारचं काय झालं ते लिहाल? ते विचारत होते.

---

सांजवेळ

नक्की लिहिते. त्यांना सांगा, सहाव्या क्रमांकाची वसाहत हट्टी आहे.